गिरणीवर आलेली चौकशी

माझ्या हातात पदवी आली ती माझ्या आत्यामुळे. आई आणि अण्णा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावरच परतायचे. तेवढे महिने मी आणि माझं दप्तर आत्याच्या घरी. सिरसाळ्याजवळ तिचं गाव आणि गावात तिची पिठाची गिरणी. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, शेत बघायचे. गिरणी आत्या बघायची. बारावीनंतर अण्णा म्हणाले, पोरगं आता टोळीत येऊ दे. तेव्हा आत्यानं त्यांना सांगितलं, "दादा, त्याला कोयता धरता येत न्हाई, अन् तू शिकवूबी नगंस." अण्णांनी ऐकलं, पण एक अट घातली. पदवी वेळेत झाली पाहिजे. एक वर्ष जरी वाया गेलं तर पुढच्या हंगामाला टोळीत.

म्हणून मी माजलगावच्या कॉलेजात बीबीएला गेलो. बीबीएच का, तर तिथं जागा शिल्लक होती आणि नावात 'ॲडमिनिस्ट्रेशन' होतं. मामांची समजूत अशी होती की हा रस्ता पुढं कलेक्टर कचेरीत निघतो. मी ती मोडली नाही, कारण पहिले सहा महिने माझीही तीच होती.

मला तो अभ्यास मनापासून आवडला. नियोजन, नियंत्रण, प्रेरणा, असे शब्द मी बसमध्ये पाठ करायचो. आत्याला मी एकदा समजावून सांगितलं, की व्यवस्थापन म्हणजे दुसऱ्यांकडून काम करून घेणं. ती म्हणाली, "मग तुझ्या मामाला सर्टिफिकिट देऊन टाका म्हणावं."

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. एखाद्या व्यवसायात प्रत्यक्ष काम करायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सच्या दुकानात असे अहवाल तयार मिळायचे. नाव बदलायचं, स्पायरल मारून घ्यायची, संपलं. आमच्या आधीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी एकाच टायर कंपनीचा अभ्यास केला होता आणि सगळ्यांनी सुरुवातीला आपल्या प्रिय पत्नीचे आभार मानले होते. त्यात मुलीही होत्या.

हे वाचल्यापासून आमच्या सरांची झोप उडाली होती. ते तरुण होते, गेवराईकडचे, आणि खऱ्याखोट्याबद्दल फार कडक. त्यांनी वर्गात जाहीर केलं, "यंदा मी स्वतः जागेवर येणार. न सांगता येणार. गावात चौकशी करणार. काम केलं नाही असं दिसलं की प्रोजेक्ट नामंजूर. म्हणजे तोंडी परीक्षा नाही. म्हणजे वर्ष गेलं."

मला भीती वाटली नाही. मी खरंच काम करणार होतो. माझा विषय होता 'ग्रामीण सेवा व्यवसायातील ग्राहक समाधान आणि रांग व्यवस्थापन : एका पिठाच्या गिरणीचा अभ्यास'. आत्याला विषय वाचून दाखवला तर ती म्हणाली, "गिरणीचं नाव शेवटी कावून टाकलंस? लाज वाटती का?"

सुट्टीभर मी गिरणीवर होतो. आमच्याकडं बायका स्वतः रांगेत उभ्या राहत नाहीत. डबा रांगेत ठेवतात आणि आपण लिंबाखाली बसतात. मी प्रत्येक डब्याला पुठ्ठ्याचा नंबर लावला. मोबाइलवर घड्याळ लावून कोण किती वेळ थांबतं ते लिहिलं. भिंतीवर गेरूनं संस्थेचं ध्येय लिहिलं : 'प्रत्येक दाण्याचे पीठ'. आणि ग्राहकांचं समाधान मोजायला घरोघरच्या बायकांना विचारत फिरलो. तुम्ही अत्यंत समाधानी आहात, समाधानी आहात, तटस्थ आहात की असमाधानी?

"तटस्थ म्हंजी?" एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं.

"म्हणजे चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही."

"हां, आमच्या सुनंवानी. लिही तटस्थ."

सून शेजारीच डबा घेऊन उभी होती. त्या दिवशी लिंबाखाली जे भांडण झालं त्यात माझं नाव बऱ्याचदा आलं. आत्यानं मला सगळ्यांसमोर सांगितलं, "मेल्या, पुन्हा कुणाला काय इचारलंस तर तुलाच हॉपरमधी टाकीन." अहवालात मी लिहिलं, 'व्यवस्थापनाने बदलाला सुरुवातीला विरोध दर्शवला.'

आता गावाची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं सध्या मुलांची लग्नं जमणं फार अवघड झालं आहे. मुलीकडचे लोक आधी गुपचूप येतात, फाट्यावर चहा घेतात आणि मुलाची चौकशी करतात. पूर्वी अशा वेळी हेवेदावे निघायचे. मग एकाचं स्थळ दुसऱ्यानं मोडलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं, आणि गावात बिनलग्नाच्या मुलांचा एक क्रिकेट संघ तयार झाला, राखीव खेळाडूंसकट. तेव्हा गावानं न बोलता ठरवून टाकलं. कुणाच्याही मुलाची चौकशी आली तरी एकर वाढवून सांगायचे, व्यसनं उडवून टाकायची आणि मुलाच्या हाताला कधी कष्टाचं काम लागलंय हे कबूल करायचं नाही. पक्षभेद, भावबंदकी, सगळं बाजूला ठेवून गाव ही रीत पाळतं.

सुट्टी संपून मी अहवाल जमा केला होता. एका रविवारी सर आले ते त्यांच्या चुलत्यांच्या मोटारसायकलवर. चुलते आपली गाडी एकटी कुठं पाठवत नसत, म्हणून मागं तेही बसले होते, पांढराशुभ्र फेटा बांधून. दोघं फाट्यावरच्या हॉटेलात उतरले. पुढचं मला हॉटेलवाल्यानं स्वतः अभिमानानं सांगितलं आहे, आणि सरांनीही.

"इथं गिरणीवाल्या बाईंकडं एक मुलगा असतो," सर म्हणाले. "कॉलेजात शिकतो. कसा आहे तो?"

हॉटेलवाल्यानं एकदा सरांची इस्त्री बघितली, एकदा चुलत्यांचा फेटा बघितला आणि बाकडं पुसायला घेतलं. "बसा पाव्हणं. पोरगं म्हंजी सोनं हाय."

"गिरणीवर काम करतो ना?"

"गिरणीवर? छ्या! कावून करंल? गिरणीत पाय ठिवत न्हाई ते. आत्या अंगाला पीठ लागू देत न्हाई त्याच्या."

"पण सुट्टीत रोज गिरणीवर होता म्हणे."

शेजारच्या सलूनमधून कटिंगवाला तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर आला. "कुणी सांगितलं हे? जळणारं असंल कुणीतरी. सुट्टीत पुण्याला होतं पोरगं. मोठ्या कंपनीत. एसीत बसून."

सरांनी वहीत लिहून घेतलं.

"जमीन?" चुलत्यांनी विचारलं.

"बागायत. समदी कॅनॉलखाली."

"काका, आपल्याला जमिनीशी काय करायचंय?" सर म्हणाले.

"इचारून ठिवावं रे. व्यसन?"

"सुपारीचं खांड खात न्हाई. सुपारीचं सोडा, चा बी पीत न्हाई." मी त्या हॉटेलात सकाळ-संध्याकाळ चहा प्यायचो.

सरांच्या डोक्यात प्रोजेक्टशिवाय काही नव्हतं, त्यामुळं त्यांना शंका आली नाही. चुलत्यांना मात्र पहिल्या घोटालाच सगळं कळलं होतं. पण त्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती आणि पुढचं ऐकायची त्यांना उत्सुकता होती.

इकडं गिरणीवर माझा मित्र धावत आला. "चल बे! पाव्हणं आलेत. फेटेवालं बी हाय."

"कुणाकडं?"

"तुझ्याकडं, बे!"

मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होतो. अजून थोडा वेळ तसाच राहिलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. आत्या गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजाच्या वरताण ओरडली, "कसलं पाव्हणं? परीक्षा व्हायचीया अजून त्याची!" पण सकाळभर गेलेली लाईट नुकतीच आली होती आणि डबे पार लिंबापर्यंत लागले होते. तिला हलता येईना. मित्रानं मला ओढत घरी नेलं. तिथं मामा बादली भरून उभेच होते. त्यांनी माझ्या कानातलंसुद्धा पीठ काढलं, डोक्याला तेल थापलं, मला स्वतःचा लग्नकार्याचा शर्ट घातला आणि एवढं पीठ धुऊन झाल्यावर वरून तोंडाला पावडर लावली.

मी ओसरीत खुर्चीवर गुडघ्यावर हात ठेवून बसलो. दारातून आधी हॉटेलवाला आला, मग कटिंगवाला, मग भावकीतले एक म्हातारे आजोबा, मग फेटा, आणि फेट्याच्या मागून सर.

मी ताडकन उठलो. "सर! तुम्ही? अहो, हे माझे सर आहेत!"

"बस, बस, लाजू नगंस," आजोबा म्हणाले. "आज सर म्हण, उद्या मेव्हणं म्हणशील."

सरांनी माझ्याकडं बघितलं. तेल, पावडर, शर्टाची घडी. "पुण्याला कधी गेला होतास?"

"कधीच नाही सर."

"सांगत न्हाई तो," हॉटेलवाला सरांच्या खांद्यामागून म्हणाला. "गर्व म्हणून न्हाई अजिबात."

"मग गिरणीवर काम केलंस?"

"रोज केलं सर. देवाशपथ."

ओसरीतले सगळे कौतुकानं हसले. "बघा, किती साधं पोरगं!" कटिंगवाला म्हणाला. "तुमचं मन बघण्यासाठी बोलतंय."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मला ते पेन दिसलं आणि त्याच्या पलीकडं अण्णांची टोळी, ट्रॅक्टर आणि माझ्यासाठी आणलेला नवा कोयता दिसला. मी खुर्चीच्या मागं सरकलो. चुलते मामांना हळूच म्हणाले, "पोरगं जरा भित्रं हाय, पण चालंल."

तेवढ्यात लाईट गेली. गिरणी थांबली आणि आत्या आली. पदर खोचलेला, भुवयांसकट पांढरी. तिनं फेटा बघितला, मला बघितलं, आणि कुणाला पाणीसुद्धा न विचारता बोलायला लागली.

"पोराबद्दल मी सांगते. ह्यांचं ऐकू नगा. पोरगं काय कामाचं न्हाई."

गावात असं कुणी कधी केलं नव्हतं.

"सुट्टीभर माझ्या गिरणीवर बसून डोस्कं उठिवलंय त्यानं. डब्यांना नंबर लावले. तेलाचे डबे समदे सारखे, बाया जागंवरनं वळखत्यात. ह्यानं नंबरानं हलिवले अन् एकीची बाजरी दुसरीच्या घरी गेली. भिताडावर कायबाय लिहून ठिवलं. घड्याळ लावून बायांचा टाइम मोजितो. घरोघर जाऊन इचारतो, तुमी समाधानी हाव का. सासू-सुनंची भांडणं लावली! असला जावाई पाहिजे का तुमाला?"

मी मान खाली घातली. माझ्याबद्दल तिचं असं मत असेल हे मला माहीत नव्हतं, आणि वाईट वाटलं. त्यामुळं सरांनी पिशवीतून माझी फाईल कधी काढली ते मला दिसलं नाही. ते पानं उलटत होते.

"बाई, त्या नंबरांचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पुठ्ठ्याचे हुते. शेळीनं खाल्ले."

सरांनी शेवटचं प्रकरण उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "अभ्यासाच्या मर्यादा. काही टोकन अनपेक्षित कारणाने नष्ट झाले."

मग त्यांनी फाईल मिटली आणि हसायला लागले ते थांबेचनात. "बाई, मी पाहुणा नाही. मी याचा शिक्षक आहे. यानं खरंच काम केलं का, तेवढं बघायला आलो होतो."

हॉटेलवाला दुखावल्यासारखा म्हणाला, "मग आधी सांगायचं की हो. आमी खरं सांगितलं असतं."

आत्यानं घाईनं पदर डोक्यावर घेतला. "अगं बया! सर, मग ते समदं सोडून द्या. पोरगं लई गुणी हाय."

"आता काही बदलू नका," सर म्हणाले, आणि तिथंच मांडीवर फाईल ठेवून सही केली. चुलते तेवढे थोडे उदास झाले.

प्रोजेक्ट मंजूर झाला, तोंडी परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा मी पुण्यात एका गोदामात नोकरीला लागलो होतो. आत्याला फोन केला, पण गिरणीच्या आवाजात तिला काही कळेना. "लिहून धाड!" असं ओरडून तिनं फोन ठेवला. म्हणून हे पत्र पाठवलं :

आत्या, तुझ्या पाया पडतो.

मी पास झालो. पहिल्या वर्गात. आपल्या घरात आता एक पदवीधर आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, अभ्यासाचा निष्कर्ष काय? मी म्हणालो, गिरणीवरची रांग कमी करू नये. घड्याळ लावून मोजलं तेव्हा दिसलं की बायका पीठ झाल्यावरही उठत नाहीत. दिवसभरात त्यांना बसायला तेवढाच वेळ मिळतो. ते सर म्हणाले, असं आमच्या पुस्तकात नाही. मग त्यांनी चांगले गुण दिले.

त्या दिवशी तू ओसरीत बोललीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं. रात्री मामांनी सांगितलं की तू स्थळ मोडत होतीस, माझी परीक्षा व्हावी म्हणून. पाहुण्यांसमोर तू घरातल्या मुलाला नावं ठेवलीस आणि त्याबद्दल गावाची बोलणी खाल्लीस. अजूनही कोणी बोलत असेल, तर हे पत्र त्यांना वाचून दाखव.

अण्णांना मी फोन केला. त्यांनी गुण ऐकले आणि फोन तसाच खाटेवर टाकला. मग आईनं फोन घेतला आणि सांगितलं की ते बाहेर जाऊन शेजाऱ्यांना माझे गुण सांगतायत, आणि चुकीचे सांगतायत.

पुढच्या महिन्यात माजलगावला कॉलेजात पदव्या देणार आहेत. घरच्यांना आणायला सांगितलंय. आई-अण्णा येतील, पण तू आल्याशिवाय मी स्टेजवर जाणार नाही. सकाळच्या गाडीनं ये. मी स्टँडवर उभा असेन.

तुझा भाचा