क्रांतीच्या सिनेमाचा साताऱ्यातला खेळ

क्रांतीच्या सिनेमाला वितरक मिळेना, तेव्हा तिनं नवी वाट धरली. एक ॲप होतं. प्रेक्षकांनी आधी फोनवरून तिकिटं काढायची. अर्धं थिएटर भरलं तरच खेळ लागणार, नाहीतर आपोआप रद्द. पुण्यातला खेळ तसाच रद्द झाला होता. साताऱ्याचाही झाला, तर ॲपवाले सिनेमाच काढून टाकणार होते. सहा वर्षं राबून केलेलं काम मग कुणाच्या दृष्टीसच पडलं नसतं.

पण साताऱ्याची तिला धास्ती नव्हती. औंधजवळचं तिचं गाव सिनेमात होतं आणि सिनेमाभर तिची आत्या बयाबाई होती. एका फोनवरून सहाच तिकिटं निघत, म्हणून तिनं घरोघरी लिंक पाठवली, पुन्हा पुन्हा फोन केले.

"अगं, सगळं गाव येतंय. किती येळा इचारशील?" बयाबाई वैतागली.

येणारच होतं. पण घरच्या कार्याला जाताना आधी जागा कोण अडवून ठेवतं? सगळ्यांनी लिंक पाहिली, खाली अंगठा टाकला आणि तिकीट काय, दारात काढू म्हणत फोन खिशात घातले. आपल्याकडं शब्द दिला की झालं. त्या मेल्या ॲपला शब्द कुठला कळायला!

सकाळी खेळ रद्द झाल्याचा मेसेज आला. क्रांतीनं गावात फोन लावला, तर टेम्पो कधीच निघालेले. ती थिएटरच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. ठेवणीतली लुगडी, फेटे, कडेवरची पोरं असं सगळं गाव तिच्यासमोर उतरलं. मॅनेजरनं हात जोडले. पडदा दुसऱ्या सिनेमाला देऊन झाला होता. एवढी माणसं बघून तोही ओशाळला, पण त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

चिडावं तरी कुणावर? ज्यांच्यावर चिडायचं ती तर झाडून सगळी आली होती. क्रांतीला तिथंच बसून मोठ्यानं रडावंसं वाटलं.

मोबाईलवर नको, मोठ्या पडद्यावरच बघीन, म्हणून बयाबाईनं स्वतःला अजून एकदाही पाहिलं नव्हतं. ती बायकांशी खालच्या आवाजात काही बोलली आणि क्रांतीजवळ आली.

"रडू नगंस, पोरी. पावण्यारावळ्यांत आमी पिक्चर बघितला असंच सांगणार हाय. लय झ्याक हाय म्हणू."

"व्हय तर," मागची एक म्हातारी म्हणाली, "माज्या तर डोळ्यांत पानीच आलं बघ."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. क्रांतीच्या सिनेमाला मिळालेली दाद एवढीच.