मशीनवरचा पहारा

आमचे मालक फौजेतून रिटायर झाले, पण फौज काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहायला काय जातंय, लालासाहेब. घरात दूध आलं तर नुसतं ‘आलं’ म्हणून चालत नाही, किती आलं, कुणी आणलं, सगळा रिपोर्ट द्यावा लागतो. अशा माणसाच्या ताब्यात नातीनं आपलं मशीन दिलं.

नात अंकिता साताऱ्याला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरचं शिकते. एवढं मोठं मशीन खोलीत ठेवायला तिथं परवानगी नाही, लाईट लय खातं म्हणे. म्हणून ते आलं आमच्या घरी, इस्लामपूरजवळच्या गावात, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. पोरगी साताऱ्यात छोट्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर ओळी टाइप करते. त्या नेटवरनं इथल्या मशीनला पोचतात. मशीन तिचा कोड कंपाईल करतं, म्हणजे तिनं लिहिलेलं आपल्याला पचेल असं दळून घेतं, मग ते चालवतं आणि उत्तर परत साताऱ्याला धाडतं.

मला वाटलं, मालकांना हे समजवता समजवता पोरीचा घसा बसणार. पण ते लगेच म्हणाले, “म्हंजे विहिरीवरच्या मोटारीगत. मोबाईल घरातनं लावायचा, मोटार मळ्यात सुरू.”

अंकिता खूश झाली. अगदी तसंच, म्हणाली. घोटाळा तिथंच झाला.

कारण मोटारीचं एक शास्त्र आमच्या इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज वाढला, अंग तापलं, की बंद करायची. नाहीतर कॉइल जळते. अंकिता तेव्हा उसाच्या पानाचा फोटो बघून रोग सांगणारा प्रोग्राम करत होती. एका दुपारी तिनं तिकडनं काम लावलं आणि इथं मशीनचा पंखा घोंघावायला लागला. मालकांनी वर हात ठेवून बघितलं आणि बटण दाबून टाकलं. वर फोन करून नातीला कळवलं, मोटार वाचवली म्हणून.

तिकडनं काय काय आलं ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. होत आलेलं सगळं वाया गेलं होतं. हे मशीन तापतंच, तापलं तरी जळत नाही, असं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आता कुणीही सांगितलं तरी बंद करायचं नाही, आबा. मी सांगितलं तरी नाही.”

मालक उभं राहून “जी” म्हणाले.

त्या दिवसापासून खोलीत स्टूल टाकून पहारा. शेजारचे बाळासो मोबाईल चार्जिंगला लावायला आले, त्यांना दारातनंच वाटेला लावलं. मांजराचीही चौकशी झाली असती, पण ते खिडकीतनं येतं.

मग तो दिवस आला. अकरा वाजता कंपनीची माणसं पडद्यावर बसून अंकिताचा प्रोग्राम बघणार होती. पसंत पडला तर नोकरी. दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. शेवटचा बदल करून कंपाईल लावलं तर मशीन गच्च अडकलं होतं, तिची एक ओळ आत जाईना. आता उपाय एकच. इथं कुणीतरी बटण दाबून धरायचं, मशीन बंद करायचं आणि परत चालू करायचं.

“न्हाई,” मालक म्हणाले.

“आबा, मीच सांगतेय.”

“तू सांगितलं तरी न्हाई, हे बी तूच सांगितलंस. आन् आजकाल फोनवर दुसऱ्याचा आवाज काढत्यात. आमची अंकिता रडत न्हाई.”

तिनं व्हिडिओ लावला. त्यांनी तिचं तोंड नीट न्याहाळलं आणि प्रश्न तोंडाचा नाही, हुकमाचा आहे, असं सांगून फोन माझ्याकडं दिला. पोरीचे डोळे लाल झाले होते. “आजी, वेळ नाही गं,” एवढंच म्हणाली.

या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षात कळलंय. मी पिठाचे हात धुतले.

“आवं, सकाळधरनं बसलाय. पहारा बदला. मी बसते, तुमी भाकरी खाऊन या.”

त्यांनी मला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं. मग उठले, ताठ झाले.

“मशीन चालू हाय. हुकूम, बंद करायचं न्हाई.”

“व्हय.”

“पहारा दिला.”

“घेतला.”

ते आत गेले आणि मी बटणावर बोट ठेवलं. अंकिता कानात सांगत होती, धर, अजून धर, आता सोड. दिवा विझला. परत दाबलं, तसा लागला. जरा वेळानं तिनं परत कंपाईल लावलं आणि पंखा असा घोंघावला की म्हटलं, आता मालक धावत येतात. कुणी आलं नाही. अकराला अंकितानं साताऱ्यातनं ओळ टाकली, तांबेरा रोग पडलेल्या उसाच्या पानाचा फोटो दिला, आणि आमच्या मशीननं ज्वारीच्या पोत्यांशेजारनं कंपनीला सांगितलं, तांबेरा. नोकरी लागल्याचं नंतर कळलं, पण पोरगी हसत होती ती तेव्हाच.

मालक एरवी एका भाकरीवर उठतात. त्या दिवशी दुसरी घेतली, ताक घेतलं, ताट स्वतः घासलं, जे मी संसारात कधी बघितलं नव्हतं. मग बाहेरनं दोनदा घसा खाकरून दारात आले.

“पहाऱ्यात काय घडलं?”

“काय न्हाई.”

त्यांनी मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“रिपोर्ट बरोबर हाय,” म्हणाले, आणि स्टूलवर बसले.