सुवर्णाच्या सात बाटल्या आणि माझं एक पत्रक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, समितीतल्या बायांना नाही—आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर जीभ थोडी सैल होतेय. एवढंच.

मी नांदूरघाटची. दारूबंदी समितीची पत्रकं लिहिते, बारावीत होते तेव्हापासून. कुणाची गावठी कुठं गळते, कोणता पुढारी तिला पाठीशी घालतो—सगळं नावानिशी. घरीच स्क्रीन-प्रिंटिंगच्या चौकटीवर शाईनं छापायचं आणि पिठाच्या गिरणीत वजनाखाली गठ्ठा ठेवून यायचं. बाया दळणाच्या डब्यावर पत्रक ठेवून घरी न्यायच्या. माझा बाप दारूत गेला, म्हणून माझ्या शब्दाला धार आहे असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. लई आवडायचं.

सुवर्णा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या वडिलांचं किराणा दुकान. दोन वर्षं बाहेर राहून ती अत्तर बनवायला शिकून आली आणि त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात काचेचं कपाट लावून बसली. गुलाब, मोगरा काही नाही. "ते समदेच विकतेत, मी कावून विकू?" म्हणाली. तिला गावाचे वास बाटलीत भरायचे होते. आम्ही हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं हसले.

मग एका दुपारी तिनं मला बोलावलं. सात बाटल्या, करंगळीएवढ्या. मला म्हणाली, तू शब्दांची बाई, हुंग आणि प्रत्येकीवर दोन ओळी लिही. मी भसाभसा श्वास ओढायला लागले, तर ओरडली, "अगं बये, बैलावानी फुसफुसू नको! थोडं थोडं हुंग. आन् दोन बाटल्यांच्या मधी आपलाच कोपर हुंगायचा. आपला वास आपल्याला येत न्हाई, म्हणून नाक पुन्हा कोरं होतं."

पहिली कडब्याची—कोरडी, पिवळी, घशात किंचित टोचणारी, आणि मागाहून गोड. दुसरी गुऱ्हाळाची, उकळत्या रसापेक्षा काहिलीच्या काठाला करपलेल्या साखरेचा वास जास्त. तिसरीत गाभारा होता: ओला दगड, चुरगळलेलं बेलाचं पान, विझलेला कापूर. चौथी नव्या गोणपाटाची, पाचवी शाळेच्या संदुकीतल्या जुन्या वह्यांची. सहावीला मी थांबले. बाभळीचं फूल. हळदीच्या भुकटीसारखं मऊ, मधासारखं, आणि तळाशी काट्याच्या हिरव्या सालीचा कडवटपणा. सातवी काय होती, आठवत नाही. कारण तेवढ्यात आई आत आली.

ती तेल न्यायला आली होती. सुवर्णानं हसत तिच्या मनगटावर सहावीचा थेंब लावला. आईनं हुंगलं आणि पोत्यावर बसलीच.

"सुवर्णे, ही तर आमच्या चकलांब्याची बाभळ हाय गं."

आणि ती बोलायला लागली. माहेरच्या विहिरीवरची बाभळ, तिच्याखाली फुलं वेचून केलेली कर्णफुलं, लग्नाच्या आदल्या दिवशी तिथंच जाऊन रडलेली ती—अर्धा तास बोलली. माझ्या आईनं. माझ्या एकाही सभेला जी आली नाही, माझं एकही पत्रक जिनं पूर्ण वाचून घेतलं नाही, मी बापाबद्दल विचारलं की जी भांडी घासायला उठते—ती आई. सगळं सुवर्णाला सांगत होती. मी मांडीवर वही घेऊन शेजारीच बसले होते. माझ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

मला तिथं काय झालं, कसं सांगू? राग असता तर बरं होतं. रागाची मला सवय आहे. हा राग नव्हता. मी इतकी वर्षं घसा फोडून जे केलं नाही ते हिनं एका थेंबात केलं? चळवळ माझी, आई माझी, आणि बाभळ हिची?

पुढचे आठ-दहा दिवस बघत होते. गुरवमामा महादेवासाठी गाभाऱ्याचं अत्तर नेऊ लागले. शमीमखाला जुम्याला मुलांसाठी कडब्याचं न्यायच्या. दोघांनाही चालायचं, कारण सुवर्णा सगळं तेलात बसवायची, दारूचा थेंबही नाही. तिनं स्वतः मला दाखवलं होतं. स्पिरिटचा एक कॅन होता खरा, पण तो अत्तर ढवळायच्या काचेच्या कांड्या धुवायला. तेही तिनंच सांगितलं, न विचारता.

मी ते जपून ठेवलं.

पत्रकात खोटं लिहावं लागत नाही, हे मला तोवर चांगलं कळलं होतं. प्रश्न विचारायचा. मी लिहिलं: 'गावात एका दुकानात स्पिरिटचे कॅन कशासाठी येतात? देवाला आणि नमाजाच्या कपड्यांना आपण काय लावतो, हे कुणी विचारलं का? बायांनो, दारू फक्त पिण्यासाठीच येते का?' कॅन एक होता, मी 'कॅन येतात' लिहिलं. वाचणाऱ्यानं हवे तेवढे मोजावेत. खाली 'एक जागरूक बहीण'. माझ्या प्रत्येक पत्रकाखाली माझं नाव असतं. या एकाखाली नव्हतं. भरदुपारी, बाया शेतात असताना, गिरणीत ठेवून आले.

तीन दिवस लागले. गुरवमामांनी बाटली परत दिली. शमीमखाला रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या. आणि आमच्याच समितीच्या बाया, ज्यांना मी दारूवाल्यांच्या दारात उभं राहायला शिकवलं, त्या तिच्या दारात उभ्या राहिल्या. तिच्या वडिलांनी कपाटाला कुलूप लावलं.

मी तिला धीर द्यायला गेले. होय, गेले! तिचे हात हातात घेऊन बसले. ती म्हणाली, "तू एक उत्तर लिही. तुझं लोक आयकतेत." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, उत्तर देऊ नको. उत्तर दिलं की लोकांना जास्तच खरं वाटतं. आपोआप थंड होईल. अनुभवी माणसासारखं म्हणाले.

तेव्हा तिनं माझा तळवा नाकाजवळ नेला. सहज, कांडी हुंगतात तसा. त्या सकाळी मी दुसरा गठ्ठा छापला होता—पहिला संपला होता. शाई जावी म्हणून थिनरनं हात तीनदा धुतले होते. समितीचं त्या आठवड्यात एकही पत्रक नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिनं हात खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चहा टाकते."

चहा आम्ही प्यायलो. दुसरा गठ्ठाही मी वाटला.

दोन महिन्यांनी ती गाव सोडून गेली. आता कुठल्याशा शहरात, कुणाच्या तरी दुकानात, परदेशी बाटल्यांतले वास गिऱ्हाइकांच्या मनगटावर मारते, असं तिची आई सांगते. मला तिचा फोन येत नाही. मीही करत नाही. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. गावात आजही मला मान आहे.

सुवर्णानं त्या दुपारी आईला दिलेली सहावी बाटली आईनं उकिरड्यावर नेऊन फोडली. "दारू हाय म्हणं त्याच्यात," म्हणाली, आणि मनगट राखेनं घासलं. मी दारात उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. चकलांब्याचं नाव त्यानंतर तिनं घरात काढलेलं नाही.

ते पत्रक मी लिहिलं, मी छापलं, मी वाटलं. प्रश्नचिन्हं मी पुरेशी वापरली. आता एकही नाही. खाली जे नाव नव्हतं, ते माझं होतं.