डबीला लावलेला गोंद

दिंद्रुडात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि गोंदावर बोलायला लागलो की मी कुणाला आवरत नाही. लाकडाला पांढरा गोंद, आणि जोड वाळेपर्यंत करकचून बांधून ठेवायचा. चपलेच्या तळाला पिवळं सोल्यूशन दोन्ही बाजूंनी फासायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. ठिबकच्या पाइपाचं वेगळं, टाकीच्या भेगेचं वेगळं. आणि ती इवलीशी ट्यूब, जी क्षणात चिकटते, ती मागणाऱ्याची तर मी उलटतपासणीच घेतो. कशाला लावणार? तो भाग हलता आहे का? वस्तू झाकून ठेवायची आहे का? कारण तिची वाफ कोंडली की आतल्या वस्तूवर पांढरा थर धरतो. निदान एक दिवस उघडं ठेवा, असं मी प्रत्येकाला बजावतो. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकतो, पुढं कुणी मला अज्ञानाची सूट देऊ नये.

आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात चांदीची लहानशी डबी असते, तिच्यात इष्टलिंग. सकाळी अंघोळ झाली की ती लिंग डाव्या तळहातावर घेते, विभूती लावते, बेलाचं पान वाहते, आणि ही पूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. माझं लिंग कित्येक वर्षं देव्हाऱ्यात पडून आहे. ती त्यावरून मला कधी बोलली नाही.

त्या डबीची बिजागरी एका बाजूनं सुटली. माजलगावच्या सोनाराकडून डाख लावून आण, असं आई आठवडाभर सांगत होती. मी मालासाठी माजलगावला जातोच. एकदा विसरलो, एकदा कंटाळा केला. तिसऱ्यांदा ती दुकानात आली तेव्हा गल्ल्यापुढं गर्दी होती. मी वैतागून म्हणालो, आण इकडं. तिनं लिंग काढून फडक्यात गुंडाळलं, गळ्यात बांधलं आणि रिकामी डबी माझ्या हाती दिली. मी बिजागरीवर दोन थेंब टाकले, फुंकर मारली आणि डबी परत केली. वाळलं का, असं तिनं विचारलं.

"झालं, घाल आत," असं म्हणून मी गिऱ्हाइकाकडं वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ती पाटावर बसली, तर झाकण उघडेना. गोंद बिजागरीत आणि झाकणाच्या कडेनं ओघळून आत बसला होता. मी नख घातलं, ब्लेड घातलं. दुकानातल्या थिनरनं जोड सैल झाला असता, पण तो आत शिरला तर लिंगावरचं काळं लेपन गेलं असतं. दहा वाजले, अकरा वाजले. आईला शुगरच्या आजाराची गोळी असते, ती उपाशीपोटी चालत नाही. बायकोनं दोनदा चहा आणला, तो तसाच परत गेला. आई मला एका शब्दानं बोलली नाही, आणि त्याचाच मला राग येत होता.

शेवटी शेजाऱ्याची गाडी मागून तिला माजलगावला नेलं. आई डबी हातातून सोडायला तयार नव्हती, म्हणून सोनारानं तिच्या तळहातावरच काम केलं. बारीक कानशीनं बिजागरीची कांडी काढली, पातळ पातं कडेनं फिरवलं. झाकण निघालं. आत काळ्याभोर लिंगावर पांढरट थर चढला होता. सोनारानं तोंड वाकडं केलं आणि हे कुणी लावलं, असं विचारलं.

बाकावर आमच्याच गावचा एकजण बसला होता, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. मी तोंड उघडलं, पण आवाज आईचा आला.

"मीच लावलं. म्हातारपणी डोकं चालत न्हाई."

"मावशी, पोराचं दुकान हाय की. त्याला तरी इचारायचं," सोनार म्हणाला.

मी काचेच्या कपाटातले पैंजण बघत राहिलो. आईनं तिथंच हात धुऊन पूजा केली, मग दोन घोट पाणी प्यायली. परतताना मी त्या पांढऱ्या थराचा विषय काढला, तर आई विभूती लागली समजायचं, एवढंच म्हणाली. मी माफी मागितली नाही. घरी गेल्यावर मागू असं ठरवलं, आणि घरी गेल्यावर दुकान उघडायचं होतं.

बाकावरच्या माणसानं ती गोष्ट गावात आणली. लोक दुकानात येऊन हसायचे. आधी मी नुसता ऐकायचो. मग माझ्या ध्यानात आलं की ट्यूब विकताना समजावून सांगायला हे चांगलं उदाहरण आहे.

मागच्या महिन्यात एक बाई कुंकवाच्या करंड्याचं झाकण घेऊन आली. मी नेहमीप्रमाणं सुरू झालो. "आमच्या आईनं असंच केलतं, चांदीच्या डबीला. लई पस्तावली." बाई हसली आणि माझ्यामागं बघत म्हणाली, "व्हय का, मावशी?"

मी घरी विसरलेला डबा घेऊन आई मागच्या दारात उभी होती.

"व्हय," आई म्हणाली. "मला कुठं कळतंय त्यातलं."

तिनं डबा गल्ल्याजवळ ठेवला. भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे, असं मला सांगितलं आणि घराकडं गेली. मी बाईला कोणता गोंद दिला ते आता आठवत नाही. डबा उघडला तेव्हा भाकरी खरंच गरम होती, आणि मी ती सगळी खाल्ली.