कॅरॅव्हानखालचे मामा

शनिवार, भूकंपानंतरचा पहिला उन्हाळा, लातूर. हजर: मी, नर्सबाई आणि शेजारचे पंक्चरवाले मामा.

मदतीत मिळालेली कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, आम्ही मामांच्या दुकानाशेजारी उभी केली आहे. तिच्यातच बायकांचा दवाखाना चालतो. सगळी औषधं आत असतात. गावाकडचं घर पडल्यापासून मामा कुठल्याच छताखाली जात नाहीत. पंक्चर उन्हात बसून काढतात, चहाही आमच्या दाराबाहेर उभं राहून पितात. आग्रह केला की म्हणतात, "हितंच बरं हाय बगा, ताई."

आज दुपारी दोघं ट्रॅक्टर घेऊन आले आणि काही न विचारता कॅरॅव्हान मागे जोडू लागले. मी कागद मागितला.

"सायबानं न्यायला सांगितलंय."

"कोणत्या साहेबांनी?"

"तुमाला कशाला पायजे?" म्हणत एकाने ट्रॅक्टर सुरू केला.

मामांनी हातातला टायर टाकला, सरपटत कॅरॅव्हानखाली शिरले आणि चाकापुढे आडवे झाले.

"ने की आता! बापाचा माल हाय का रे तुज्या?"

रस्त्यावरची माणसं जमू लागली, तसे दोघं जोडणी सोडून ट्रॅक्टरसह पसार झाले.

मी वाकून हात पुढे केला. मामांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. अंग घामाने भिजलं होतं.

"गेले ते, मामा. या बाहेर."

"थांबा, ताई. जमीन हालायलीय."

जमीन हलत नव्हती. नर्सबाईंनी पाणी आणलं. ते तसंच आहे. बायकांची रांग लागली आहे, दवाखाना उघडलेला नाही. मामांना बाहेर काढायचं अजून राहिलं आहे.