सिंगापूरचा कायदा आणि देवगाव फाटा

निकाल लागला की फाईल कपाटात जाते, पक्षकार घरी जातात आणि किस्से मात्र चेंबरमध्येच मुक्काम ठोकतात. आमच्या परभणीच्या चेंबरमध्ये तर आता बसायला जागा उरली नाही, एवढे साठलेत. त्यातले निम्मे एकट्या मालनकाकूंचे!

मालनकाकू देवगाव फाट्यावरच्या खानावळीच्या मालकीण. माहेर राणीसावरगाव. त्यांच्या येसराच्या आमटीसाठी ट्रकवाले भूक दाबून फाट्यापर्यंत येतात. येसर म्हणजे डाळी-धान्य भाजून दळलेला मसाला. तो काकू स्वतः भाजतात, सुनेलाही हात लावू देत नाहीत.

दिल्लीच्या एका कंपनीला ही आमटी लय आवडली. काकूंच्या नावानं मोठ्या शहरांत हॉटेलं काढायची, सुरुवात पुण्यापासून, असा प्रस्ताव आला. सोबत जाडजूड 'डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट'. ते घेऊन काकू आमच्याकडे आल्या. आमच्याकडे म्हणजे मी आणि चुडाव्याच्या सुजाता मॅडम. चेंबर दोघांचं, डोकं मॅडमचं!

मी पहिलं पान वाचलं. "काकू, यात कंपनीला 'डेव्हलपर' म्हटलंय."

काकू ताडकन उठल्या. "डेव्हलपर? मंग माझ्या खानावळीचे प्लॉट पाडायलेत का काय!"

*

प्लॉटची भीती गेली आणि 'गव्हर्निंग लॉ'चं कलम आलं. करार सिंगापूरच्या कायद्याप्रमाणे, कारण या कंपनीची मूळ कंपनी तिथली. आणि भांडण झालंच तर फक्त दिल्लीच्या कोर्टात.

मॅडमनी समजावलं, "कुठला कायदा लावायचा आणि कुठल्या कोर्टात जायचं, ते इथं ठरलंय, काकू."

"आमटी कोणाची?"

"तुमची."

"नाव कोणाचं लावायलेत?"

"तुमचंच."

"मंग कायदा कामून पाहुण्याचा?"

मॅडमनी लाल पेन उचललं आणि त्या कलमावर आडवी रेघ मारली.

*

दुसऱ्याच दिवशी कंपनीचे वकील खन्ना यांचा फोन. "मॅडम, ये स्टँडर्ड क्लॉज है. आज तक किसी ने नहीं काटा."

"अब काटा है," मॅडम म्हणाल्या.

"लेकिन परभणी? वहाँ ऐसा मॅटर कौन समझेगा?"

मॅडमचं हिंदी उत्तम आहे. पण त्या क्षणी त्या मुद्दाम मराठीत बोलल्या, एकेक शब्द सुटा करून. "साहेब, कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट दिल्लीत आहे तोच परभणीत आहे. गाडीत बसल्यावर तो बदलत नाही!"

*

मग कंपनी गप्प झाली. ना फोन, ना मेल.

काकूंचा मुलगा बालाजी चिडला. त्यानं मित्रांना पुण्याचं सांगून टाकलं होतं. "एका ओळीपायी सगळं घालवायलीस, माय!" मलाही वाटलं, फार ताणलं आपण. मी फाट्यावर गेलो. काकू कढईपाशी बसल्या होत्या.

"काकू, भांडण होईलच कशावरून? करून टाका सही."

त्यांनी उलथनं थांबवलं. "भांडण होणारच न्हाई, तर त्यांनीच लिहावं की परभणी. त्यांना कामून भेव वाटायलंय?"

उलथनं पुन्हा फिरवत त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "पुण्यात माझ्या नावाची पाटी लागावी, मला बी वाटतं हो. पण मान खाली घालून न्हाई."

*

शेवटी खन्नासाहेबांचाच परत फोन आला. सिंगापूर सोडलं, दिल्ली सोडली. "भारतीय कायदा चलेगा. कोर्ट मुंबई रखते हैं. बीच का रास्ता."

काकू मागून ओरडल्या, "रस्त्याचंच बोलायलेत तर फाटा माझाच हाय म्हणावं!"

परभणी लिहिलं गेलं.

*

आता कंपनी म्हणाली, सही कुरिअरनं पाठवा. मॅडम म्हणाल्या, "करार जिथं होतो, तिथल्या कोर्टाला अधिकार मिळतो. उद्या कुणी शंका काढायला नको. सही फाट्यावरच!"

खन्नासाहेब सूट घालून आले. खानावळीच्या टेबलावर स्टॅम्पपेपर ठेवला, सह्या झाल्या. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आमटीचा एक थेंब उडाला, थेट कागदावर. साहेब रुमाल काढून धावले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "कागदाला बी कळंल, कुठं झालाय ते."

*

पुण्याचं हॉटेल जोरात चाललं. करारात ठरल्याप्रमाणे फाट्यावरून येसर जायचा, तिकडं आमटी व्हायची. मग हळूच कंपनीनं कारखान्यातला येसर वापरायला सुरुवात केली. काकूंच्या कानावर आलं. त्या पुण्याला गेल्या, गिऱ्हाइकासारख्या बसल्या, एक चमचा घेतला आणि उभ्याच राहिल्या.

"ही माझी आमटी न्हाई! पाटी उतरवा!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मॅनेजर म्हणाला, "मावशी, चव ज्याची त्याची असते."

"चव ज्याची त्याची. नाव माझं!"

आम्ही परभणीत दावा लावला. कंपनीनं काही तारखा काढल्या, मग तडजोड केली. कारखान्याचा येसर बंद झाला. आता फाट्यावरून पुण्याला पोती जातात आणि तिथलं स्वयंपाकघर बालाजी बघतो. आईसारखाच, कुणाला हात लावू देत नाही म्हणे.

*

पण त्या दाव्याची पहिली तारीख!

खन्नासाहेब दोन ज्युनिअरांना घेऊन दिल्लीहून आले. आमचं काम काही निघालं नाही, पुढची तारीख पडली. तिघं कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले. कोट काढून मांडीवर घेतलेले, चेहरे उतरलेले.

काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात चार पुडांचा डबा.

मॅडमनी त्यांचा पदर ओढला. "काकू, ते विरुद्ध पार्टीचे आहेत!"

"असू द्या की. उपाशी हायेत."

भाकरी, ठेचा, कांदा आणि गरम आमटी. खन्नासाहेबांनी आधी नको नको केलं. मग एक भाकरी खाल्ली. मग दुसरी. नाक पुसत, घाम पुसत. ज्युनिअर तर मान वर करेनात. व्हरांड्यातले वकील, पक्षकार, सगळे बघत उभे.

काकूंनी उरलेली आमटी साहेबांच्या ताटलीत ओतली आणि आपल्या फाट्यावरच्या हिंदीत प्रेमानं विचारलं,

"वकीलसाब, अगली तारीख को क्या बनाऊं?"