अँटेनाचा पाइप धरणारा

वाडीला आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा साऱ्या गल्लीत टीव्ही एकट्या आमच्याकडे होता. रविवारी सकाळी नाच-नाटक शिकणाऱ्या पोरापोरींची मालिका लागली की खोली गच्च भरायची. समोरच्या गोदामातला एक हमाल मात्र दारात चपला काढून सरळ गच्चीवर जायचा. अँटेनाचा पाइप कोणीतरी धरून ठेवला तरच चित्र नीट दिसायचं, आणि ते काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. त्याचं नाव विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

नाच सुरू झाला की मात्र चित्र थरथरायला लागायचं. खिडकीतून कोणीतरी ओरडायचं, "हलवू नको गा!"

"वारा हाये," वरून उत्तर यायचं.

शेवटच्या भागात नायिका दुखऱ्या पायानं परीक्षेचा नाच नाचली. त्या दिवशी चित्र फारच थरथरलं. मालिका संपली, बाया डोळे पुसत घरी गेल्या, टीव्हीवर पुढचा कार्यक्रम लागला. तो अजून वर पाइप धरूनच उभा असेल, हे मला बऱ्याच वेळानं आठवलं. ओशाळून चहा घेऊन गच्चीवर गेलो.

"भाऊ, तुमचा शेवटचा भाग पाहाचा राहिला," मी म्हणालो.

"पाहाले कायले पाहिजे? मले ऐकू येऊन राहिलं होतं ना," तो म्हणाला. "पोरगी मधात चुकली. तबलेवाल्यानं सांभाळून घेतलं तिले."

तबलेवाला आम्हाला कोणालाच दिसला नव्हता.

तो एका हातानं चहा पीत होता. दुसऱ्या हाताची बोटं पाइपवर तोच ठेका धरून होती, आणि गच्चीवर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.